पहिले वापरकर्ते रिप्लायमधून मिळवताना: शोधायचं कुठे, लिहायचं काय, तपासायचं कसं

प्रॉडक्ट तयार आहे, वेबसाइट चालू आहे, पण तुमच्या अकाउंटला फॉलोअर जेमतेम साठ-सत्तर. अशा वेळी स्वतःच्या पानावर ‘आम्ही आलो आहोत’ अशी पोस्ट टाकली, तर ती बहुतेक करून मित्रमंडळीच बघतात. ज्याला त्या प्रॉडक्टची गरज आहे तो माणूस त्याच वेळी दुसऱ्या कुणाच्या तरी पोस्टखाली आपली अडचण सांगत असतो. त्याने अडचण स्वतःहून, स्वतःच्या शब्दांत लिहिली आहे, आणि आसपास तीच अडचण असलेले आणखी काही जण गुपचूप वाचत आहेत. तिथे जाऊन कामाचं उत्तर देणं हा सुरुवातीचे वापरकर्ते मिळवायचा सगळ्यात स्वस्त मार्ग आहे. पैसे लागत नाहीत, वेळ मात्र भरपूर लागतो.

मार्ग सोपा दिसतो म्हणून बहुतेक जण तो बिघडवतात. चांगल्या रिप्लायची एकच कसोटी आम्ही मानतो: त्यातून प्रॉडक्टचं नाव आणि लिंक काढून टाकली तरी समोरच्याचं काही काम व्हायला हवं. पुढचं सगळं या कसोटीवर उभं आहे.

उदाहरण म्हणून एक साधं प्रॉडक्ट धरू. फ्रीलान्स काम करणाऱ्यांची बिलं थकली की क्लायंटला आपोआप, सभ्य भाषेत आठवण पाठवणारं टूल.

आधी प्रोफाइल, मग रिप्लाय

रिप्लाय आवडला की वाचक लिंक शोधत नाही, तो तुमच्या नावावर टॅप करतो. म्हणून पहिला रिप्लाय लिहिण्याआधी प्रोफाइल नीट लावा. लोगोच्या अकाउंटवरून उत्तर देऊ नका, माणसाच्या नावाने आणि चेहऱ्याने द्या. लोगो दिसला की वाचकाचं मन आधीच बंद होतं.

एक्सवर (पूर्वीचं ट्विटर) बायोला १६० अक्षरं मिळतात. त्यात दोनच गोष्टी सांगा: तुम्ही कुणासाठी काय बनवता, आणि तुम्हाला त्या कामाची काय जाण आहे. ‘उद्योजक, स्वप्नाळू, चहाप्रेमी’ अशा बायोतून वाचकाच्या हाती काही लागत नाही. ‘फ्रीलान्सरांची थकलेली बिलं वसूल करणारं टूल बनवतोय. आधी आठ वर्षं फ्रीलान्स डिझायनर’ या बायोतून लागतं. पिन केलेल्या पोस्टमध्ये प्रॉडक्ट प्रत्यक्ष चालताना दिसेल असा वीस-तीस सेकंदांचा व्हिडिओ किंवा दोन स्क्रीनशॉट ठेवा. लिंक उघडल्यावर येणाऱ्या पानाचं पहिलं वाक्य बायोशी जुळलं पाहिजे. बायोत बिलं आणि पानावर ‘आर्थिक कार्यक्षमतेचं भविष्य’ असं असेल, तर माणूस तिथूनच परत फिरतो.

अकाउंट अगदी नवं असेल तर पहिले दोन आठवडे प्रॉडक्टचा उल्लेखही करू नका. रेडिट या चर्चेच्या साइटवर अनेक समुदायांनी नव्या किंवा कमी कर्मा (इतरांच्या मतांतून मिळणारे गुण) असलेल्या अकाउंटच्या कॉमेंट आपोआप काढायची सोय लावलेली असते. तुम्हाला तुमची कॉमेंट दिसत राहते, बाकी कुणालाच दिसत नाही. तपासायची पद्धत सोपी आहे: लॉग-आउट करून किंवा ब्राउझरच्या खासगी खिडकीत तोच धागा, म्हणजे ती पोस्ट आणि तिच्याखालची उत्तरं, उघडा आणि तुमची कॉमेंट दिसते का पाहा. पहिल्या महिन्यात हे आठवड्यातून एकदा तरी कराच. पन्नास उत्तरं लिहून झाल्यावर ती कुणालाच दिसली नव्हती हे कळणं फार जड जातं.

शोधायचं ते दुखणं, प्रॉडक्टचा प्रकार नव्हे

‘इन्व्हॉइसिंग सॉफ्टवेअर’ असं शोधलं तर तुमच्यासारखेच विकणारे सापडतात. ज्याचं बिल थकलंय तो माणूस हा शब्द वापरत नाही. तो लिहितो, ‘दोन महिने झाले, क्लायंट फोन उचलत नाही.’ म्हणून शोधासाठी वाक्प्रयोगांची यादी करा. ती चार तऱ्हेच्या बोलण्यातून येते.

पहिली तक्रार: ‘पैसे मागायचा कंटाळा आलाय’, ‘अजून पेमेंट नाही’. दुसरी शिफारशीची मागणी: ‘यासाठी कुणी काय वापरतं?’, ‘एखादं चांगलं ॲप सुचवा’. तिसरी, असलेल्या प्रॉडक्टला पर्याय शोधणं: स्पर्धकाचं नाव आणि सोबत ‘ऐवजी’, ‘महाग’, ‘बंद केलं’ असे शब्द. चौथी तऱ्हा सगळ्यात मोलाची आणि सगळ्यात दुर्लक्षित आहे. ती म्हणजे लोकांनी स्वतः केलेला जुगाड. कुणी लिहितो की एक्सेल शीट आणि कॅलेंडरचे अलार्म लावून मी बिलांचा माग ठेवतो. या माणसाला अडचण इतकी टोचली आहे की त्याने हाताने उपाय रचला आहे. पहिल्या दहा वापरकर्त्यांत असे लोक असतील तर प्रॉडक्ट लवकर सुधारतं.

यादी ज्या भाषेत तुमचे ग्राहक लिहितात त्याच भाषेत हवी. मराठी लोक रोमन लिपीतही लिहितात आणि प्रत्येकाचं स्पेलिंग वेगळं असतं, म्हणून एकाच शब्दाची तीन-चार रूपं घ्या.

एक्सच्या वेब आवृत्तीत प्रगत शोधाचा फॉर्म आहे. त्यात नेमका वाक्यांश, नको असलेले शब्द, भाषा, कमीत कमी लाइक्स, कमीत कमी रिप्लाय आणि तारखा भरता येतात. नको असलेल्या शब्दांच्या रकान्यात नोकरीच्या जाहिराती, बक्षीस योजना आणि स्पर्धकांची घोषवाक्यं टाका, निम्मा कचरा तिथेच गळतो. निकाल आले की ‘टॉप’ सोडून ‘लेटेस्ट’ टॅबवर जा. ‘टॉप’मध्ये दिसणाऱ्या गप्पा बहुधा संपलेल्या असतात.

रेडिटसाठी गूगलचा साइटपुरता शोध वापरा (शब्दांसोबत site:reddit.com लिहून), रेडिटच्या स्वतःच्या शोधापेक्षा तो बऱ्याचदा जास्त हाती देतो. गूगलमध्ये वर येणारा जुना धागाही सोडू नका, कारण तिथे रोज नवे वाचक येत राहतात. मात्र काही समुदायांत सहा महिन्यांनी धागा आपोआप बंद होतो, त्यामुळे आधी कॉमेंट करता येते का ते पाहा. रोज हाताने शोधायचं नसेल तर एफ५बॉट ही सेवा रेडिट आणि हॅकर न्यूज या तंत्रज्ञानाच्या चर्चा-साइटवर तुमचा शब्द आला की ईमेल पाठवते. सुरुवातीला पाच-सहा शब्दच लावा. ‘बिल’सारखा मोकळा शब्द लावला तर मेलबॉक्स बुडून जाईल.

कुठे उत्तर द्यायचं आणि कुठे नाही

लाखो फॉलोअर असलेल्या अकाउंटखाली रिप्लाय टाकायचा मोह सगळ्यांना होतो. तिथे दहा मिनिटांत शंभर-दीडशे उत्तरं पडतात आणि तुमचं तळाला जातं. त्यापेक्षा काही हजार फॉलोअर असलेला, तुमच्याच विषयात लिहिणारा आणि रिप्लायला उत्तर देणारा माणूस कितीतरी चांगला. तो उत्तर देतो की नाही हे त्याच्या प्रोफाइलवरच्या ‘रिप्लाय’ टॅबमध्ये लगेच कळतं. अशा वीस-तीस जणांची खासगी यादी एक्सवर करून ठेवा आणि दिवसातून दोनदा तेवढीच उघडा.

लेखक परत बोलतो का, याला इतकं महत्त्व का? मार्च २०२३ मध्ये ट्विटरने, नाव एक्स होण्याआधी, कुणाला कोणती पोस्ट दाखवायची हे ठरवणाऱ्या आपल्या शिफारस यंत्रणेचा कोड खुला केला. सोबत दिलेल्या माहितीत, वाचक एखाद्या पोस्टवर काय करेल याच्या अंदाजांना दिलेली वजनं होती. लाइकला ०.५, रिप्लायला १३.५, आणि मूळ लेखकाने ज्याला प्रतिसाद दिला अशा रिप्लायला ७५. उलट बाजूला ‘असं कमी दाखवा’, ब्लॉक, म्यूट यांना मिळून उणे ७४ आणि रिपोर्टला उणे ३६९. हे आकडे त्या वेळचे आहेत, आज तेच असतील असं धरून चालू नका. पण कल स्पष्ट आहे: लेखकाला परत बोलावंसं वाटेल असं उत्तर त्याच्या पोस्टलाही वर नेतं, आणि लोकांना चीड आणणाऱ्या मजकुराची किंमत फार मोठी असते.

वेळेचं गणित जागेनुसार बदलतं. एक्सवर पहिल्या तासातलं उत्तर वाचलं जातं, दुसऱ्या दिवशीचं क्वचित. रेडिटवर चार-पाच तासही चालतात. लिंक्डइनवर पोस्ट दोन-तीन दिवस फिरत राहते, त्यामुळे तिथे सावकाश, नीट लिहायला हरकत नाही.

काही ठिकाणी मात्र जाऊच नये. नोकरी गेली, कुणी आजारी आहे, फसवणूक झाली अशा पोस्टखाली प्रॉडक्टचं नाव घेणं क्रूर आहे, मग ते कितीही उपयोगी असो. स्पर्धकाने स्वतःच्या घोषणेची पोस्ट टाकली असेल तर तिच्याखाली ‘आमचंही बघा’ म्हणू नये. आणि विचारणाऱ्याचा प्रश्न आधीच सुटला असेल तर केवळ जागा दिसली म्हणून घुसू नये.

रिप्लाय लिहिताना

समजा कुणी लिहिलं आहे:

‘दोन महिने झाले, क्लायंटने बिल भरलेलं नाही. सारखं सारखं मागायची लाज वाटते. तुम्ही लोक हे कसं सांभाळता?’

याला नेहमी मिळणारं उत्तर असं असतं: ‘खूप महत्त्वाचा मुद्दा मांडलात! आमचं टूल बघा, थकलेल्या बिलांची चिंता कायमची मिटेल.’ आणि लिंक. विचारणाऱ्याने पद्धत विचारली होती, त्याला जाहिरात मिळाली. शिवाय पहिलं वाक्य कुठल्याही पोस्टखाली चिकटवता येईल असं आहे, म्हणून वाचक ते बघताच पुढे सरकतो.

आता हे पाहा:

‘आता आधी एकच करा: बिल पुन्हा जोडून “पैसे कोणत्या तारखेला येतील?” एवढंच विचारा. पुढच्या बिलाला तीन मेल आधीच ठरवून ठेवा: मुदतीच्या तीन दिवस आधी, त्या दिवशी, सात दिवसांनी. ठरलेलं असलं की लाज वाटत नाही. बिल मंजूर करणारे आणि तुमच्याशी बोलणारे एकच आहेत का?’

यात प्रॉडक्ट कुठेच नाही. आज करता येईल अशी एक कृती आहे, पुढच्या वेळची पद्धत आहे, लाज या त्याच्याच शब्दाला उत्तर आहे आणि शेवटी खरा प्रश्न आहे. त्या प्रश्नाचं उत्तर आल्याशिवाय पुढचा सल्ला देता येत नाही, आणि वाचणाऱ्यालाही ते जाणवतं. तो उत्तर देतो: ‘नाही, अकाउंट्सवाले वेगळे.’ आता तुम्ही म्हणू शकता: ‘मग मेल थेट त्यांना जायला हवा. हे तीन मेल आपोआप पाठवणारं एक छोटं टूल मी बनवलंय. सध्या फक्त ईमेल जातो, व्हॉट्सॲप नाही. बघायचं असेल तर लिंक देतो.’

‘मी बनवलंय’ हे शब्द गाळू नका. तटस्थ ग्राहक असल्यासारखं स्वतःच्या प्रॉडक्टचं कौतुक करणारा माणूस पकडला जातोच, कारण प्रोफाइल उघडायला एक टॅप पुरतो. त्याहून वाईट म्हणजे एका अकाउंटवरून प्रश्न विचारून दुसऱ्यावरून उत्तर देणं, किंवा मित्रांकडून मतं (अपव्होट) टाकून घेणं. रेडिट मतांची अशी फिरवाफिरवी नियमभंग मानतं आणि त्यात तुमच्या वेबसाइटचा पत्ताच अडवला गेला, तर पुढे खऱ्या ग्राहकाने दिलेली लिंकसुद्धा दिसत नाही. प्रॉडक्टची मर्यादा सांगायलाही घाबरू नका. ‘व्हॉट्सॲप नाही’ या दोन शब्दांनी ज्यांना व्हॉट्सॲपच हवं ते आधीच बाजूला होतात, आणि उरलेल्यांचा विश्वास वाढतो.

लिंक केव्हा? कुणी ‘टूल सुचवा’ असंच विचारलं असेल तर पहिल्याच उत्तरात द्या, तिथे आढेवेढे घेणं उलट खटकतं. तेव्हा आपल्यासोबत दुसरा एखादा पर्यायही सांगा आणि कुणाला कोणता बरा ते लिहा. बाकी सगळीकडे विचारल्यावरच लिंक. नव्या अकाउंटवरून वारंवार लिंक टाकल्या तर एक्स ते रिप्लाय ‘संभाव्य स्पॅम’च्या पडद्याआड ढकलू शकतं, आणि यूट्यूबवर लिंक असलेली कॉमेंट तपासणीसाठी अडकू शकते. रेडिटची जुनी शिफारस अशी होती की तुमच्या दहा योगदानांत स्वतःच्या कामाबद्दलचं एकच असावं. इतर जागीही सुरुवातीला तेच प्रमाण धरा, ओळख झाली की दहात दोन-तीनपर्यंत जा. प्रत्येक समुदायाचे नियम वेगळे असतात आणि काही ठिकाणी स्वतःचा उल्लेखच चालत नाही, तर तिथे निव्वळ उत्तरं द्या.

लांबीबद्दल थोडं. एक्सवर मोफत अकाउंटला २८० अक्षरांची मर्यादा आहे, आणि देवनागरीत मात्रा, अनुस्वार, हलंत हे सगळे वेगळे मोजले जातात, त्यामुळे मराठी मजकूर वाटतो त्यापेक्षा लवकर भरतो. लिंक कितीही लांब असो, २३ अक्षरं धरली जाते. लिंक्डइनच्या कॉमेंटला १,२५० अक्षरं मिळतात. रेडिटवर मर्यादा १०,००० आहे आणि तिथे लांब, टप्प्याटप्प्याने लिहिलेलं उत्तर लोक आवडीने वाचतात. एकच उत्तर तिन्हीकडे चिकटवू नका.

यंत्राकडून रिप्लाय लिहून घेण्याबद्दल आमचं मत पक्कं आहे: नको. शब्द पकडून आपोआप रिप्लाय पाठवणं एक्सच्या ऑटोमेशन नियमांत बसतच नाही. एआयकडून मसुदा घेऊन हाताने पाठवला तर नियम मोडत नाही, पण मूळ पोस्टच दुसऱ्या शब्दांत सांगायची, तिचं कौतुक करायचं आणि शेवटी गुळमुळीत प्रश्न टाकायचा हा साचा आता सगळे ओळखतात. शोधासाठी, वर्गवारीसाठी, शुद्धलेखनासाठी यंत्र खुशाल वापरा. वाक्य तुमचं असू द्या.

हो म्हणणाऱ्याला मध्येच सोडू नका

‘बघतो’, ‘भारी दिसतंय’ असा प्रतिसाद आला की बहुतेक जण लाइक देऊन थांबतात. खरं काम तिथून सुरू होतं. त्याच धाग्यात, त्याच दिवशी विचारा: ‘सध्या बिलांचा माग कसा ठेवता?’ उत्तर आलं की मेसेज पाठवायची परवानगी मागा. न विचारता इनबॉक्समध्ये गेलात तर धाग्यात कमावलेलं सगळं जातं. परवानगी मिळाल्यावर फक्त साइन-अपची लिंक देऊन मोकळे होऊ नका. पहिल्या वीसेक जणांना स्वतः बसून सुरुवात करून द्या: त्यांची पहिली तीन बिलं त्यांच्यासोबत स्क्रीन शेअर करून भरा आणि बोट कुठे अडखळतं ते बघा. पंधरा मिनिटांच्या त्या कॉलमध्ये जे दिसतं ते कुठल्याही प्रश्नावलीत उमटत नाही.

कुणी म्हणालं, ‘व्हॉट्सॲप असतं तर घेतलं असतं,’ तर त्या धाग्याची लिंक जपून ठेवा. सहा आठवड्यांनी ती सोय आली की त्याच धाग्यात त्याच माणसाला लिहा: ‘तुम्ही म्हणाला होतात ते आलं.’ नव्या माणसाला गाठण्यापेक्षा या एका ओळीला प्रतिसाद मिळण्याची शक्यता खूप जास्त असते.

रोजची पाऊण तासाची बैठक आणि वही

पंधरा मिनिटं शोध, पंचवीस मिनिटांत पाच-सहा उत्तरं, पाच मिनिटं नोंद. यापेक्षा जास्त उत्तरं लिहू लागलात की दर्जा घसरतो आणि वाक्यं एकमेकांसारखी होतात, मग स्पॅमची शंका यायला यंत्रणेलाही वेळ लागत नाही.

नोंदीच्या शीटमध्ये तारीख, धाग्याची लिंक, समोरच्याचे नेमके शब्द, प्रॉडक्टचा उल्लेख केला का, प्रतिसाद, साइन-अप, आणि सात दिवसांनी वापर चालू आहे का, एवढे रकाने पुरे. ‘नेमके शब्द’ हा रकाना सगळ्यात कामाचा. तीस नोंदींनंतर तो वर-खाली वाचा. ‘लाज वाटते’ हे शब्द पाच जणांनी वापरले असतील, तर वेबसाइटचं पहिलं वाक्य तिथेच सापडलं.

लिंकला यूटीएमची शेपटी लावा, म्हणजे भेट कुठून आली हे सांगणारी खूण पत्त्याच्या शेवटी जोडा: स्रोतात एक्स किंवा रेडिट, मोहिमेत ‘रिप्लाय’. तरीही मोबाइल ॲपमधून किंवा प्रोफाइलमार्गे आलेल्या कितीतरी भेटी ‘डायरेक्ट’ (स्रोत माहीत नाही) म्हणूनच दिसतात, म्हणून साइन-अपच्या फॉर्ममध्ये ‘आमच्याबद्दल कुठे कळलं?’ असा एक मोकळा रकाना ठेवा. यादीतून निवडायला लावू नका, लिहू द्या.

पन्नास उत्तरं झाली की आकडे बघा, त्याआधी निष्कर्ष काढू नका. रिप्लाय दिसलेच नसतील तर निवड किंवा वेळ चुकते आहे: धागे फार मोठे आहेत, किंवा तुम्ही उशिरा पोहोचता. दिसले पण कुणी बोललं नाही, तर उत्तरं गुळगुळीत आहेत, त्यात करता येईल अशी कृती नाही. प्रोफाइलला भेटी आहेत पण लिंकवर क्लिक नाही, तर बायो आणि पिन केलेली पोस्ट बदला. क्लिक आहेत, साइन-अप नाही, तर पानाचं पहिलं वाक्य आणि फॉर्मची लांबी तपासा. साइन-अप आहेत पण सात दिवसांनी कुणीच उरलं नाही, तर रिप्लाय वाढवून काहीही होणार नाही. एक तर तुम्ही फक्त कुतूहल असलेल्यांना आणलंत, किंवा प्रॉडक्ट अजून ते दुखणं कमी करत नाही. अशा वेळी दोन आठवडे रिप्लाय बंद ठेवून सोडून गेलेल्यांशी बोला.

एकच प्रश्न पाच-सहा वेळा समोर आला की त्याचं सविस्तर उत्तर वेबसाइटवर एका पानात लिहून ठेवा. त्या पानावर प्रॉडक्टचा उल्लेख तळाशी असू द्या. पुढच्या वेळी धाग्यात तीन ओळींचं पूर्ण उत्तर द्या आणि ‘सोबतचे मेलचे नमुने इथे आहेत’ म्हणून पान जोडा. प्रॉडक्टच्या मुख्य पानापेक्षा अशी लिंक बहुतेक समुदायांत सहज खपवून घेतली जाते.

काही महिन्यांनी असं होईल की तुम्ही पोहोचण्याआधीच एखादा वापरकर्ता धाग्यात तुमचं नाव सुचवून गेला असेल. तिथे जाऊन त्याच्या कौतुकाला दुजोरा देऊ नका आणि पुढच्या वेळी असंच लिहा म्हणून कुणाला सांगूही नका. माहितीत चूक असेल तर तेवढी दुरुस्त करा, कुणी शंका विचारली असेल तर बनवणारा म्हणून उत्तर द्या. नंतर त्या वापरकर्त्याला वेगळा मेसेज करून विचारा की नेमकी कोणती गोष्ट कामाला आली, आणि त्याचे शब्द शीटमध्ये उतरवून घ्या.